सातारा, इ.स. १७०० : खेळ कोणत्या पातळीवर सुरू झाला होता?

ब्रिटनमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने मार्च २००९ मध्ये ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा व्यूहनीतीचा संगणकीय खेळ बाजारात आणला. त्याची मुख्य मोहीम इ.स. १७०० मध्ये सुरू होते आणि शतक संपता संपता थांबते. खेळणाऱ्याने प्रारंभी एक सत्ता निवडायची असते. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया, ऑटोमन अशा नावांच्या रांगेत एक नाव मराठ्यांचे आहे. ते निवडले की समोर दख्खनचा नकाशा येतो आणि राजधानी म्हणून सातारा दिसतो.

त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारला जातो. काठिण्यपातळी कोणती? सोपी, सामान्य, कठीण, अतिकठीण. मोहिमेसाठी एक पातळी आणि लढाईसाठी दुसरी, अशी वेगवेगळी निवड करता येते. बहुतेक खेळाडू क्षणभर विचार करून ‘सामान्य’वर बोट ठेवतात आणि पुढे जातात. मराठ्यांची बाजू घेणाऱ्याला मात्र हा प्रश्न इतिहासालाही विचारता येतो. १७०० सालचा खरा सातारा कोणत्या पातळीवर होता? या धाग्याचा विषय तोच आहे.

आधी ही पातळी म्हणजे नेमके काय, ते पाहणे आवश्यक आहे. पातळी वाढवली की संगणक अधिक हुशार होतो, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक व्यूहनीतीच्या खेळांत तसे घडत नाही. प्रतिस्पर्ध्याची बुद्धी तीच राहते. त्याचा खजिना भरतो, त्याचे सैनिक अधिक काळ टिकतात, त्याची प्रजा कमी कुरकुरते. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये सर्वांत वरच्या पातळीवर संगणकाला जादा साधनसामग्री फुकट मिळत असे. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेत वरच्या पातळ्यांवर प्रतिस्पर्धी पहिल्या चालीलाच अधिक सैन्य आणि अधिक वसाहतकरी घेऊन उतरतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ची २०१९ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या संगणकी खेळाडूला अशी फुकटची मदत लागत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी ठरली. यावरून जुनी रीत किती रुजलेली होती ते कळते.

बुद्धिबळाची परंपरा नेमकी उलटी आहे. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावे त्या शहराच्या ओळखीचाच भाग झाली आहेत. विषम बळाच्या दोन खेळाडूंमध्ये डाव रंगावा म्हणून बुद्धिबळात एक जुनी सोय आहे. वरचढ खेळाडू डाव सुरू होण्यापूर्वीच आपले एखादे प्यादे, घोडा किंवा हत्ती पटावरून उचलून बाजूला ठेवतो. संगणकीय खेळ दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला धन देऊन डाव अवघड करतो; बुद्धिबळात बलवान स्वतःचे मोहरे सोडून तो समतोल करतो. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. अडचण किती असावी हे डाव सुरू होण्यापूर्वी, दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरते.

साताऱ्यात १७०० साली तसे काही ठरले नव्हते.

खेळातल्या नकाशात पहिल्या चालीला सातारा ही चालती-बोलती राजधानी असते. प्रत्यक्ष १ जानेवारी १७०० रोजी त्याच साताऱ्याला खुद्द औरंगजेबाचा वेढा पडलेला होता. वयाची एक्याऐंशी वर्षे पूर्ण केलेला हा बादशहा १६८१ मध्ये उत्तरेतून दक्षिणेकडे निघाला, तो पुन्हा परतला नाही. विजापूर १६८६ मध्ये, गोवळकोंडा १६८७ मध्ये पडले. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड गेला, येसूबाई आणि बाल शाहू कैदेत पडले. राजाराम महाराज जिंजीला गेले. १६९८ मध्ये जिंजी पडण्यापूर्वी तेथून निसटून परतले आणि साताऱ्याला त्यांनी राजधानीचे स्थान दिले. म्हणजे १७०० मध्ये सातारा ही मुळात नवी, घाईत मांडलेली राजधानी होती. तिच्यामागे रायगडासारखी पूर्वपुण्याई नव्हती.

ऑक्टोबर १६९९ मध्ये भीमेकाठच्या ब्रह्मपुरीचा तळ सोडून औरंगजेब स्वतः किल्ल्यांच्या मोहिमेवर निघाला. चार वर्षे मुक्काम असलेल्या या तळाला त्याने इस्लामपुरी असे नाव दिले होते. मोहिमेत त्याच्या हाती प्रथम आला कराडजवळचा वसंतगड. या किल्ल्याच्या पायथ्याशी तळबीड आहे, हंबीरराव मोहित्यांचे गाव. हंबीररावांची कन्या ताराबाई ही राजाराम महाराजांची राणी. पुढची सात वर्षे बादशहाला जिच्याशी झुंजावे लागणार होते, तिच्या माहेरच्या डोक्यावरचा किल्ला त्याने सर्वांत आधी घेतला. त्या वेळी त्यालाच काय, कोणालाही या योगायोगाचा अर्थ कळण्याचे कारण नव्हते.

डिसेंबरमध्ये मोगल फौजा साताऱ्याला भिडल्या. बादशहाचा तळ किल्ल्याच्या उत्तरेस करंज्याला पडला. किल्ल्यावर प्रयागजी प्रभू लढत होते. शेजारच्या परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे सज्जनगडावरून, परशुराम त्र्यंबक यांची मदत येत होती. हिवाळा सरला, उन्हाळा लागला, किल्ला पडेना. अशातच मार्चच्या आरंभी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. वय अवघे तीस. वारस म्हणून चार वर्षांचा मुलगा आणि त्याच्यामागे पंचविशीतली विधवा राणी.

खेळाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या वर्षाच्या पहिल्याच चालीत राजा गेला, राजधानीला वेढा पडलेला, खजिना रिता, गादीचा दुसरा दावेदार शत्रूच्या छावणीत. असा प्रारंभ कोणत्याही खेळाच्या रचनाकाराने ठेवला, तर खेळाडू त्याला अन्यायी म्हणतील.

१३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी तटाखाली पेरलेले सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात तटाचा भाग आतल्या बाजूला कोसळला आणि किल्ल्यातली माणसे गाडली गेली. खुद्द प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत निघाले, अशी हकीकत सांगितली जाते. दुसरा सुरुंग मात्र बाहेरच्या अंगाला फुटला. हल्ल्यासाठी तटाखाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच भिंत आली. सुमारे दोन हजार माणसे त्यात मेली, असा अंदाज दिला जातो. खाफीखानाने या प्रसंगाची एक भीषण आठवण नोंदवली आहे. दरडीखाली अडकलेल्या आपल्या माणसांची प्रेते काढता येत नाहीत आणि त्यांना अग्नीही देता येत नाही, हे पाहून बादशहाच्याच फौजेतल्या हिंदू पायदळाने वेढ्यासाठी उभारलेल्या लाकडी बांधकामाला आग लावली. ती सात दिवस जळत होती.

त्या गोंधळात काही माणसे तटावर चढून गेली होती. मागून कोणी आले नाही. त्यात पडलेल्यांपैकी एक नाव बाजी चव्हाण डफळे यांचे. हे घराणे डफळापूर आणि जतचे; आजच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे. डफळ्यांनी आदिलशाहीनंतर मोगलांची चाकरी पत्करली होती. साताऱ्याच्या तटावर चढणारा हा माणूस मराठीच बोलत होता, आणि तट राखणारेही.

खेळाचा नकाशा येथे पहिल्यांदा तोकडा पडतो. त्यावर प्रत्येक सत्तेला एक रंग असतो आणि रंगांमध्ये स्वच्छ सीमारेषा. १७०० च्या सुमारास कृष्णा, माण आणि येरळेच्या खोऱ्यांत अशी रेषा कोणालाही आखता आली नसती. जतचे डफळे बादशहाकडे होते. म्हसवडच्या नागोजी मान्यांनी दोन्हीकडे चाकरी केली. १६९७ मध्ये शंभुमहादेवाच्या डोंगरात त्यांनीच संताजी घोरपड्यांना मारले, तेही मुख्यतः मेहुण्याच्या मृत्यूचा सूड म्हणून. मिरज मोगलांकडे होती आणि तिचे नाव मुर्तजाबाद झाले होते. एकाच गावात एका वतनदाराकडे दोन्ही सरकारांची कागदपत्रे असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. यांतल्या प्रत्येकाला देशद्रोही किंवा देशभक्त ठरवण्याची आजची हौस त्या काळाला लावणे फारसे उपयोगाचे नाही. वतन टिकवणे हा त्यांचा खेळ होता, आणि त्या खेळात दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये सापडणे हीच खरी अतिकठीण पातळी होती.

सुरुंगानंतर आठवडाभरात, २१ एप्रिलच्या सुमारास, किल्ला वाटाघाटी करून मोगलांच्या स्वाधीन झाला. शहजादा आझमच्या नावावरून त्याला आझमतारा म्हणू लागले. म्हणजे ज्या राजधानीवरून संगणकीय खेळात मराठ्यांचे शतक सुरू होते, ती प्रत्यक्ष इतिहासात चौथ्या महिन्यातच हातची गेली होती.

ताराबाईंनी या काळात तहाचा प्रयत्न केला, असे मोगल साधनांवरून दिसते. मुलासाठी सातहजारी मनसब आणि दक्षिणेची देशमुखी, त्याच्या बदल्यात काही किल्ले देण्याची तयारी, असा त्याचा आशय होता. बादशहाला सगळे किल्ले हवे होते. तह झाला नाही. या प्रस्तावाचा उल्लेख पुष्कळदा टाळला जातो, जणू त्याने ताराबाईंचे तेज उणे होते. वस्तुतः दुबळ्या स्थितीत सापडलेल्या कोणत्याही राज्यकर्त्याचे पहिले कर्तव्य अडचण कमी करून पाहणे हेच असते. पातळी उतरवण्याची विनंती त्यांनी केली; समोरच्याने ती फेटाळली. नंतर जे घडले ते या नकारामुळे घडले.

आता दुसऱ्या आसनाकडे पाहू. ‘एम्पायर’च्या मुख्य मोहिमेत मोगलांची सत्ता नकाशावर आहे, पण खेळाडूला ती निवडता येत नाही. ती निवडता आली असती, तर तिच्यासमोर ‘सोपी’ असे लिहिले गेले असते यात शंका नाही. काबूलपासून बंगालपर्यंतचा मुलूख, तोफखाना, अफाट सैन्य. त्यात भर म्हणून याच सुमारास बंगालच्या दिवाणीवर बादशहाने पाठवलेला अधिकारी, पुढे मुर्शिदकुलीखान म्हणून प्रसिद्ध झालेला, तेथून दरवर्षी सुमारे एक कोट रुपये दक्षिणेच्या छावणीकडे पाठवू लागला. वरच्या पातळीवर संगणकाला मिळणारा फुकटचा खजिना म्हणतात तो हाच. ताराबाईंच्या समोर बसलेला प्रतिस्पर्धी खरोखर अतिकठीण पातळीवरचा होता, या अर्थाने.

तरीही ते आसन सोपे नव्हते, आणि याचे कारण त्या खजिन्याचा विनियोग पाहिला की उमगते.

साताऱ्यानंतर जूनमध्ये सज्जनगड मोगलांनी घेतला. तोपर्यंत पाऊस लागला होता. सह्याद्रीच्या पावसात हजारो माणसे, उंट, बैल, तोफा घेऊन परत फिरणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने कोयना-कृष्णेच्या खोऱ्यातला आषाढ पाहिला आहे त्यालाच येईल. ओझ्याची जनावरे चिखलात मेली, कृष्णा ओलांडताना माणसे वाहून गेली. पुढे माण नदीच्या काठी खवासपुरास तळ पडला असता ऑक्टोबरमध्ये एका रात्री नदीला अचानक पूर आला. छावणी बुडाली. अंधारात पळापळ झाली. बादशहा पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो शेवटपर्यंत लंगडत चालला.

दोन किल्ले जिंकल्याची ही किंमत. आणि किल्ले तरी कसे जिंकले? पन्हाळा १७०१ मध्ये, विशाळगड १७०२ मध्ये, सिंहगड १७०३ मध्ये, राजगड १७०४ मध्ये. यांतले बहुतेक पैसे मोजून हाती आले. विशाळगडासाठी दोन लाख रुपये दिल्याचा उल्लेख आहे. जदुनाथ सरकारांच्या मते, लाच न देता केवळ बळाने औरंगजेबाने घेतलेला किल्ला एकच, तोरणा, मार्च १७०४ मध्ये. मराठ्यांचा हिशेब साधा होता. किल्ला होता होईल तेवढा लढवायचा, शत्रूचा एक हंगाम आणि जमल्यास एक पावसाळा खायचा, मग भरपूर रक्कम घेऊन सुखरूप खाली उतरायचे. पुढे बादशहा दुसऱ्या किल्ल्याकडे वळला की मागे ठेवलेल्या उपाशी शिबंदीकडून तोच किल्ला परत घ्यायचा. सातारा असाच मराठ्यांकडे परतला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मरण पावला, तेव्हा सातारा ताराबाईंच्या ताब्यात होता.

म्हणजे फुकटच्या खजिन्याचा फायदा एका पक्षाला आणि प्रत्यक्ष लाभ दुसऱ्या पक्षाला. कोणत्याही खेळाच्या रचनेत ही शक्यता गृहीत धरलेली नसते. संगणकाच्या हिशेबात पैसा नेहमी त्याच्या मालकाचेच बळ वाढवतो. बंगालच्या रयतेने भरलेला सारा साताऱ्याच्या आणि मलकापूरच्या डोंगरात पोहोचून किल्लेदारांच्या थैल्यांत पडावा, आणि त्यातून त्याच बादशहाविरुद्ध घोडे उभे राहावेत, हा प्रकार खेळात घडला असता तर त्याला दोष समजून दुरुस्त केले गेले असते.

औरंगजेबाला मूर्ख ठरवून ही गोष्ट संपवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. विजापूर आणि गोवळकोंडा येथे हीच पद्धत यशस्वी झाली होती. राजधानी घेतली की राज्य संपते, हा नियम तोपर्यंतच्या सगळ्या अनुभवाने सिद्ध केलेला होता. बादशहा जुन्या नियमांनी अचूक खेळत होता. ज्या राज्याची राजधानी, खजिना आणि राजा हे तिन्ही हलते झाले आहेत, त्याला तो नियम लागू पडत नव्हता इतकेच. साताऱ्याचा तट कोसळताना पाहून त्याला आपण जिंकत आहोत असे वाटले असेल, तर त्यात आश्चर्य काही नाही.

मराठ्यांच्या बाजूने मात्र एक वेगळा हिशेब मांडायला हवा. अडचण कमी करण्याची जी युक्ती त्यांनी शोधली, तिची किंमत पुढे मोजावी लागली.

शिवाजी महाराजांचे धोरण नवी वतने न देण्याचे, रोख वेतन देण्याचे होते. जिंजीला असताना राजाराम महाराजांजवळ रोख रक्कमच नव्हती. मोगल बादशहा वतनाचे आमिष दाखवून सरदार फोडत होता, तेव्हा त्याच चलनात उत्तर देणे भाग पडले. जो जेवढा मुलूख मोगलांकडून सोडवील, त्यातला वाटा त्याचा. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे आणि त्यांच्या घराण्याला दिलेले आश्वासन या दृष्टीने फार बोलके आहे. रक्कम एकदम मिळायची नव्हती. रायगड प्रांत सोडवला की एक हप्ता, विजापूर घेतले की दुसरा, मग भागानगर, मग औरंगाबाद, आणि शेवटचा दिल्ली घेतल्यावर. राजा जिंजीत अडकलेला, राजधानी गेलेली, आणि करारात दिल्ली. संगणकीय खेळांत एकेक टप्पा पार केल्यावर बक्षीस मिळते, ती कल्पना या कागदात दोनशे-तीनशे वर्षे आधी सापडते असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

या युक्तीने राज्य वाचले. पन्नास ठिकाणी पन्नास सरदार स्वतःच्या हिशेबाने लढू लागले. एकाला हरवून युद्ध थांबेना. खाफीखान ताराबाईंच्या काळाबद्दल लिहितो की मराठे मोगल मुलखात नुसते लुटायला येत नसत, तर आपले सुभेदार, कमाविसदार आणि राहदार नेमून महसूल आणि जकात वसूल करत. तो ताराबाईंच्या बुद्धीची आणि कारभाराची स्तुतीही करतो, आणि ती शत्रुपक्षाच्या लेखकाने केलेली आहे. पण ज्याने स्वतःच्या तलवारीवर मुलूख मिळवला, तो उद्या छत्रपतींचे का ऐकेल? या प्रश्नाशी साताऱ्याची गादी पुढचे संपूर्ण शतक झगडत राहिली.

‘एम्पायर’मध्ये या सत्तेला ‘मराठा कॉन्फेडरसी’, म्हणजे मराठा संघ, असे नाव दिले आहे. १७०० सालासाठी ते नाव चुकीचे आहे. तेव्हा संघ नव्हता. छत्रपतींचे एक राज्य होते आणि ते मरणपंथाला लागल्यासारखे दिसत होते. संघ जन्माला आला तो त्या मरणातून वाचण्यासाठी वाटलेल्या वतनांतून आणि सरंजामांतून. खेळाडूला जे प्रारंभीच तयार दिले जाते, ते वस्तुतः १७०० च्या अतिकठीण पातळीचे फलित होते.

आणि रयत? इटालियन प्रवासी मनुची लिहितो की दक्षिणेच्या या युद्धात दरवर्षी एक लाख माणसे आणि तीन लाख जनावरे मरत. आकडा अतिशयोक्त असावा. मनुची आकड्यांच्या बाबतीत हात सैल सोडणारा लेखक आहे. पण त्या आकड्यामागचे वास्तव खोटे नव्हते. कराड, खटाव, माण, मिरज या परगण्यांतल्या कुणब्याच्या दारात एका वर्षी दोन सरकारांचे वसुलीदार येत. एकाला दिले म्हणून दुसरा सोडत नसे. छावणी शेजारून गेली की उभे पीक जनावरांच्या तोंडी जाई. ताराबाईंच्या बाजूने किंवा औरंगजेबाच्या बाजूने कितीही चतुराईने डाव मांडला, तरी सारा भार याच शेतावर पडायचा. खेळात यासाठी एक आकडा असतो, प्रजेच्या असंतोषाचा. तो वाढला की कर थोडा कमी करायचा. खटावच्या कुणब्याला गाव सोडून परागंदा होण्याखेरीज असे बटण उपलब्ध नव्हते.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगलांनी एक चाल केली, ती त्यांच्या मागच्या पंचवीस वर्षांतल्या बहुतेक चालींपेक्षा स्वस्त आणि परिणामकारक ठरली. १७०७ मध्ये त्यांनी शाहूंना सोडून दिले. अठरा वर्षे कैदेत काढलेला गादीचा वारस दख्खनमध्ये परतला आणि ताराबाईंना पुतण्याशी लढावे लागले. खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव शाहूंना मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. सात वर्षे बादशहाला जेरीस आणणाऱ्या राणीला सातारा सोडावा लागला तो घरातल्या माणसापुढे. तेथून पुढे कोल्हापूर आणि सातारा अशा दोन गाद्या झाल्या. १७३१ च्या तहाने त्यांच्यातली हद्द वारणा नदी ठरली. आजही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा बऱ्याच अंतरापर्यंत वारणेच्याच पात्रातून जाते.

शाहूंच्या काळात मराठी फौजा माळवा, गुजरात, बुंदेलखंड ओलांडून १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आल्या. मिरज मात्र मोगली अंमलाखालीच होती. तिच्यावरच्या मोहिमेसाठी स्वतः शाहू महाराज साताऱ्याबाहेर पडले, आणि १७३९ मध्ये ती घेतली. साताऱ्याहून मिरज शंभर-सव्वाशे किलोमीटर. ‘एम्पायर’मध्ये एका वर्षात दोन चाली असतात. या हिशेबाने साताऱ्याच्या राज्याला आपल्या अंगणातले मुर्तजाबाद पुन्हा मिरज करायला अठ्ठ्याहत्तर चाली लागल्या.